चढ चढणारा भोवरा

हमरापूरच्या त्या गणपती कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कच्च्या मूर्ती भिंतीकडे सारून लोक दाटीवाटीनं उभे होते, दार आतून लावलं होतं आणि मधोमध पाटावर नमिता बसली होती. यंदा मूर्ती तडकत होत्या. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कारखान्याच्या घरातली ही सून करते, म्हणजे दोष तिच्याच नजरेत, असा निकाल गावानं देऊन टाकला होता. उरला पुरावा, तो द्यायला भूत उतरवणारे हैबतबुवा आले होते.

बुवांनी दोन पट्ट्या मांडल्या. नमिताकडची टोकं विटांवर उंच आणि फाकलेली, स्वतःकडची खाली आणि जवळजवळ. खालच्या टोकाला एक लाकडी भोवरा ठेवला, दोन भोवरे रुंद बाजूंनी एकमेकांना जोडल्यासारखा: मधे फुगीर पोट, दोन्हीकडे निमुळती टोकं.

"वस्तू उताराला जाते. पन हिच्यातलं भूत याला वर खेचंल. खेचलं, तर पोरगी माज्या मठात ऱ्हाईल."

भोवरा हलला आणि चक्क चढ चढून तिच्याकडे आला. सासूनं, कृष्णाबाईनं, पदर तोंडाला लावला. नवरा प्रविण जमिनीकडे बघत राहिला. ओरडलं तर भूत ओरडलं म्हणणार, गप्प राहिलं तर कबूल केलं म्हणणार.

"परत सोडा," नमिता म्हणाली.

बुवा खुशीत आले. फुकटचा दुसरा चमत्कार कोण सोडतो?

या वेळी तिनं भोवऱ्याची दोन टोकं न्याहाळली. मूर्तीचे दोन्ही डोळे एका रेषेत आणणारी नजर ती. टोकं खाली चालली होती.

"अहो, ती काठी द्या."

प्रविण घुटमळला, पण त्यानं दिली. भोवरा पुन्हा खालच्या बाजूला ठेवून तिनं त्याच्या टोकाच्या उंचीवर काठीला खूण केली. तो वर पोचल्यावर काठी पुन्हा लावली. टोक खुणेच्या चांगलं खाली होतं.

"पट्ट्या चढतात, भोवरा उतरतो. पट्ट्या फाकल्या की त्याचं पोट मधे खाली बसतं. उंचावरच्या वजनात खाली यायची ताकद साठलेली असते, तिच्यावरच तो पळतो. खरंच वर जायचं तर कोनीतरी ढकलायला पायजे."

तिनं पट्ट्या सारख्या अंतरावर केल्या. भोवरा घरंगळत बुवांच्या पायावर आपटला.

"नजर लागली माज्या भोवऱ्याला," बुवा पुटपुटले. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"मग मूर्ती कशा तडकल्या गो?" कृष्णाबाईनं विचारलं.

"ओल्याच उन्हात काढल्या, आई. ऑर्डरची घाई."

"बरं, झालं ते झालं. चल घरात."

नमिता हलली नाही. "भोवरा बुवांचा होता, आई. पन मला देऊन टाकायला तुमी तयार होता. यापुढं कोनावर बोट दाखवायच्या आधी जरा वाकून बघा, मोजून बघा."