न मागणाऱ्याचं पान

नामदेवरावांनी महिनाभर लेकीचा नुसता छळ मांडला होता, दुसरा शब्द नाही. नल्लकुंट्यातल्या घरात त्रिवेणीनं तोंड उघडलं रे उघडलं की हे मध्येच तोडणार आणि वर म्हणणार, "बघ, अस्सं घुसायचं! नाहीतर हौल्यासारखी, खुळ्यासारखी बघत बसशील आणि नोकरी दुसराच घेऊन जाईल."

नोकरी सॉफ्टवेअर कंपनीतली. सत्त्याण्णव साल, हैदराबादेत जिकडेतिकडे नव्या कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या. सिकंदराबादला रेल्वेत जन्मभर 'जी साहेब' म्हटलेल्या या माणसाला, लेकीनं काचेच्या हापिसात बसावं याचा ध्यास लागला होता. पोरीला मार्क भरपूर. पण प्रिन्सिपॉल म्हणाले होते, कंपन्यांना नुसते मार्क पुरत नाहीत. पुढारपण हवं, नीट बोलता यायला हवं, चारचौघांत मिळून काम करता यायला हवं. नामदेवरावांनी त्यातलं पुढारपण तेवढं उचललं.

कंपनीच्या निवडीतल्या ग्रुप डिस्कशनच्या दिवशी ते कॉलेजात खिडकीबाहेर लिंबाखाली बसले, मांडीवर बायकोनं, तारामतीबाईंनी दिलेला डबा. आत पोरं एकमेकांवर तुटून पडली होती.

"घुस ना गं माय," नामदेवराव पुटपुटत होते.

एकदाचा त्रिवेणीचा आवाज आला. आणि म्हणाली काय? "सुजाताला मघापासून काही सांगायचंय. आधी तिचं ऐकू या."

नामदेवरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

ती सुजाता आधी चाचरली, मग असं मुद्द्याचं बोलली की सगळे तिच्याकडे वळले. दुपारी निवडलेल्यांची नावं वाचली. सुजाताचं होतं. त्रिवेणीचं नव्हतं.

"कुणी शिकवलं गं तुला हे?" नामदेवराव भडकले. "हातातली संधी उचलून दुसरीला द्यायची?"

"तुम्हीच!" त्रिवेणीचे डोळे भरून आले. "चिक्कडपल्लीत गणपतीच्या पंगतीला दरवर्षी मला वाढायला उभी करता. मागतो त्याला कुणीही वाढेल, जो मागत नाही त्याच्या पानाकडे बघ, असं तुम्हीच म्हणता ना अण्णा?"

"पंगत वेगळी, नोकरी वेगळी!"

तेवढ्यात सुजाता समोर आली. त्रिवेणीचा हात धरला. निजामाबादहून पहाटेच्या गाडीनं निघालेली पोर, चेहरा पार उतरलेला. नामदेवरावांनी तिच्याकडे रागानं बघितलं. मग नीट बघितलं.

"जेवलीस का गं?"

"नक्को काका, घरी जाऊन..."

"बस खाली!"

डबा उघडला. वांग्याची भाजी वाढली, पोळी वाढली, ती लाजून नको म्हणतेय तोवर दुसरी वाढली. तोंडाचा पट्टा चालूच होता, पण लेकीसाठी. "सोमवारी दुसरी कंपनी येतेय. तिथं असला बावळटपणा केलास तर याद राख."

आणि डब्यातली शेवटची शेंगापोळीही त्यांनी सुजातासमोर ठेवली.

त्रिवेणी फिस्सकन हसली. गालावर पाणी, तरी हसू आवरेना.

"अण्णा, ती आईनं माझ्यासाठी दिली होती."

नामदेवरावांनी रिकाम्या डब्यात बघितलं, लेकीकडे बघितलं. किती गुणाची पोर आपली, आणि महिनाभर आपण तिला काय शिकवत बसलो!

"सोमवारीही अस्संच कर," ते डोळे पुसत म्हणाले. "फक्त आधी स्वतःचं थोडं बोलून घे, माझी माय."