उसना आवाज

विद्युलताबाईंनी कमरेची किल्ली घट्ट खोचली आणि कॅमेऱ्याशेजारी कागद घेऊन उभ्या असलेल्या वादिराजला म्हणाल्या, "आज तू वाचू नकोस."

वादिराज गोंधळला. त्याने संवाद मोठ्याने वाचायचे आणि नटांनी मागोमाग म्हणायचे, ही चेन्नईतल्या मालिकांची रीतच. पुण्याच्या रंगभूमीवरून आलेल्या बाईंना सुरुवातीला त्याचा फार आधार होता. आता त्या रिक्षावाल्याशी तमिळमध्येच भांडत, आणि जिंकतही. तरी पडद्यावर त्यांच्या तोंडून यायचा तो आवाज डबिंग करणाऱ्या जननीचा. देवळात बायका कौतुकाने ओळख काढायच्या आणि बाई बोलू लागल्या की हसू दाबायच्या. ते हसणं बाईंना झोंबायचं. कधी धड न भेटलेल्या त्या जननीचा त्यांना मनातून रागच होता.

आज मालिकेचं शेवटचं चित्रीकरण होतं. घर बळकावणाऱ्या मुलाला आई दोन पानं भरून सुनावते, तेवढं तरी आपल्या आवाजात जाऊ दे, एवढंच त्यांनी मागितलं होतं. दिग्दर्शक राणोजीराव तंजावरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच मुरलेले.

"वेण्डाम, नको, अम्मा," ते म्हणाले. "तुमच्या तमिळला मराठी वास येतो. लोकांना नको ते."

"आणि तुमच्या मराठीला तमिळ हेल आहे. मी ऐकून घेतेच ना? कधी म्हटलं, दुसऱ्याचा आवाज लावून या?"

लाइटवाला उगाच खोकला. राणोजीरावांनी टेक सुरू करायला सांगितला.

मुलाचं काम करणाऱ्या अशोकने आपलं वाक्य म्हटलं आणि घराच्या किल्लीसाठी हात पुढे केला. बाई बोलल्याच नाहीत. त्याच्याकडे हवा तितका वेळ पाहत राहिल्या. मग किल्ली काढली, त्याच्या हातापर्यंत नेली, परत कमरेला खोचली आणि सोफ्याच्या मधोमध जाऊन बसल्या. अशोक नकळत मागे सरला. राणोजीरावांना कट म्हणायला उशीर झाला.

"दोन पानं कुठे गेली, अम्मा?"

"माझ्या आवाजात घेणार असाल तर आत्ता म्हणते."

"नको. चेहरा छान आलाय. ती पानं मनातला आवाज म्हणून वर टाकू." त्यांनी तिथूनच जननीला स्पीकरवर फोन लावला आणि सीन समजावून सांगितला.

 ही पळवाट बाईंच्या ध्यानातच आली नव्हती. ओठ मिटले तरी सुटका नाही; मालिकेत त्या विचारही जननीच्याच आवाजात करत.

"ओठ हलले असते तर आले असते, सर," पलीकडून जननी शांतपणे म्हणाली. "अक्कांच्या मनातलं मी कसं बोलू? ते त्यांनाच बोलू द्या." आणि फोन ठेवला.

राणोजीरावांनी फोन खिशात टाकला. जननीचा आवाज लोकांच्या कानात बसलेला; ऐन वेळी दुसऱ्या कुणाला आणणार?

बाई आत आरशासमोर टिकली काढत होत्या, तेवढ्यात वादिराज दाराशी आला.

"अक्का, सर विचारतायत, उद्या डबिंगला याल का?"

"त्यांना म्हणावं, स्वतः येऊन विचारा," बाई म्हणाल्या आणि काढलेली टिकली पुन्हा कपाळाला लावली.