शेजारचा आला का बघा

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांना धबधबे दाखवले आणि मला एकही दाखवला नाही. उत्तरेकडच्या धबधब्यांची एका दिवसाची सहल असते ना, सकाळी निघायचं, तीन धबधबे बघायचे आणि दिवेलागणीला परत, त्या बसचे हे गाईड. मलाही न्या की एकदा, म्हटलं तर म्हणायचे, पाणी वरून खाली पडतं, त्यात काय बघायचं? आणि त्याच पाण्याचं बसमध्ये असं वर्णन करायचे की लोक टाळ्या पिटायचे. मला सगळं पाठ होतं. तालीम माझ्यासमोरच व्हायची, मी भांडी घासत असताना.

हे गेले त्याला वर्ष होत आलं. मुलगी रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते, पण अर्धं लक्ष तिच्या पोरांकडे. तिला तरी काय बोलणार? मला खुपतं ते वेगळंच. उशीर झाला तर "कुठे होतीस इतका वेळ?" असं दरडावणारं घरात कोणी उरलं नाही. पूर्वी भाजी आणायला गेले आणि कोणाशी बोलत उभी राहिले की हे दारात हजर. असा वैताग यायचा! आता कधीकधी मुद्दाम उशीर करून बघते. दाराला कुलूप तसंच.

म्हणून एके दिवशी सरळ त्या सहलीचं तिकीट काढलं. कोणाची बायको ते सांगितलं नाही. सांगितलं की लोक तोंड पाडून हळू आवाजात बोलायला लागतात, जशी काही मीच गेलेय.

नवा गाईड चाळिशीचा, टोपीवाला. त्याने मला मागची खिडकी दिली. शेजारची सीट रिकामी होती, तिथे मी पिशवी ठेवली. बस सुटली, गडी बोलायला लागला, आणि काय सांगू, शब्द न् शब्द ह्यांचा! विनोद तेच, थांबायच्या जागाही त्याच. मी विनोदाच्या आधीच हसायचे, तर पुढच्या बाई वळून वळून बघायच्या.

मग तो म्हणाला की या बसमध्ये माणसं मोजत नाहीत, मोजण्यात गफलत होते. आधीच्या साहेबांनी युक्ती घालून दिली आहे. निघताना मी विचारणार, शेजारचा आला का बघा, आणि ज्याने त्याने आपल्या शेजारच्याला बघायचं. इतक्या वर्षांत एक माणूस मागे राहिलं नाही, म्हणाला. माझी मान ताठ झाली. घरात चष्मा सापडायचा नाही ह्यांना, पण बाहेर बघा केवढं नाव.

पहिला धबधबा उंच, पण धार इतकी बारीक की वारा तिला अर्ध्यातच उडवून लावत होता, खाली नुसता दमटपणा. दुसरा बुटका, रुंद आणि भारी बडबड्या. तिथे नव्या लग्नाच्या जोडप्याने मला त्यांचे फोटो काढायला लावले. मग त्या पोरीने विचारलं, तुमचा काढू का? एकटीचा काय काढायचा, असं म्हणून मी सटकले. बसमध्ये गाईड ओरडला, शेजारचा आला का बघा. आला, आली, असा गलका झाला. माझ्या शेजारी पिशवी.

तिसऱ्याबद्दल मात्र हे कधी थट्टा करायचे नाहीत. तिथे पाण्याच्या मागून वाट आहे, कड्याला हात लावत जायचं. काम सोडलं की तिथे तुला नेणार, म्हणायचे. काम सुटलं ते असं. मी त्या पाण्यामागे जाऊन उभी राहिले. पुढे नुसता पांढरा पडदा आणि कान फाटतील असा आवाज. कोणाला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून मी मोठ्याने भांडले ह्यांच्याशी. आणायचं होतं तर वेळेवर का नाही आणलंत, म्हणून विचारलं. मग पोटभर रडले, तोंड धुतलं आणि बाहेर आले.

बस नव्हती.

आधी गाईडला मनातल्या मनात लाखोली वाहिली. फोन पिशवीत, पिशवी बसमध्ये. तिकिटाची खिडकीही बंद झालेली. तिथल्या बाकावर बसून राहिले. येतीलच, म्हटलं, कोणाच्या तरी लक्षात येईल. वळणावर काही वाजलं की मी उठायचे. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं. कोणी आलं नाही. आणि मग उमगलं, लक्षात यायचं कोणाच्या? मी कोणाचीच शेजारची नव्हते.

मग ह्यांच्या वेळी कसं कोणी राहिलं नाही? तेव्हा आठवलं. एकटं कोणी आलं की हे त्याला पुढे, दाराजवळच्या सीटवर, स्वतःच्या शेजारी बसवायचे. रात्री जेवताना त्यांच्याच गोष्टी सांगायचे. आज एक मास्तरीण होती, आज एक म्हातारा होता, बायकोच्या आवडीचा धबधबा बघायला आलेला. मी म्हणायचे, पुरे करा तुमची ती एकटी माणसं, भात निवतोय. नव्या गाईडने ह्यांचं वाक्य उचललं होतं, ती सीट नाही.

उजेड उतरायला लागला तेव्हा बस आली. खरं सांगते, जीव भांड्यात पडला. केस सारखे केले, उठून उभी राहिले. गाईड उडी मारून उतरला आणि माझ्या बाजूने पळत थेट कठड्यापाशी गेला. त्या नव्या नवरीचा फोन तिथे राहिला होता. तो घेऊन वळला तेव्हा कुठे मी दिसले.

"काकू, तुम्ही इथे कशा?" म्हणाला, आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा उतरला.

बिचाऱ्याने किती वेळा माफी मागितली. ठरवून ठेवलेलं सगळं गिळून मी बसमध्ये चढले. बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. माझी पिशवी सीटवर ऐटीत बसली होती. ती उचलून मांडीवर घेतली.

गाईडने घसा खाकरला आणि सवयीने म्हणाला, शेजारचा आला का बघा. आला, आली, सगळे म्हणाले. यावेळी मीही बाजूला बघितलं.

"माझा आला नाही," मी म्हटलं.

एकदा पोळलेला तो, त्याने लगेच ड्रायव्हरला थांबवलं. "कोण राहिलंय, काकू? थांबायचं का?"

"नको," मी म्हटलं. "चला तुम्ही."