न पुसलेले इंजिन

मी एक जुना टॉवेल आहे. खरे सांगायचे तर अर्धाच. मित्रांनो, अर्ध्या टॉवेलाची कसली आली आहे जीवनकथा, असे म्हणून पान उलटू नका. मला आधीच स्वस्थ बसवत नाही, त्यात तुम्हीही उठून गेलात तर मी कोणाशी बोलू?

माझा जन्म एका गिरणीत झाला. अंगावर मऊ लव, कडेला निळा पट्टा. मला विकत आणले ते एका ट्रक ड्रायव्हरच्या घरी. पहिली दोन वर्षे त्यांनी मला पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवले. पाहुणे येत, चहा घेत आणि निघून जात. अंघोळीला कोणी थांबत नसे. कपाटात पडून पडून माझा जीव कासावीस झाला होता. मग पाहुण्यांसाठी नवा टॉवेल आला आणि मी घरच्यांचा झालो. रोज सकाळी चार ओली डोकी पुसायची, मग दोरीवर वाळायचे. ते दिवस फार मजेचे होते.

पुढे मला मधोमध भोक पडले. घरच्या वहिनींनी मला उजेडात धरून पाहिले आणि टर्रकन दोन तुकडे केले. एक तुकडा स्वयंपाकाच्या ओट्यावर गेला आणि त्याला लगेच शिंगे फुटली. दुसरा तुकडा म्हणजे मी. मला दादांनी ट्रकवर नेले.

दादा म्हणजे वहिनींचे यजमान. खडी वाहणारा एक जुना डिझेल ट्रक ते सतरा वर्षे चालवत होते. ट्रक एका मालकीणबाईंचा होता. त्यांच्या आवारातले बाकीचे ड्रायव्हर दादांना ‘चकाचक’ म्हणत, आणि ते उगाच नव्हे. सकाळी निघण्याआधी आणि परत आल्यावर इंजिन निवले की दादा बॉनेट उघडत आणि मला घेऊन आत वाकत. पाइप, झाकणे, बोल्टची डोकी, काही म्हणून सुटत नसे. मालकीणबाई नव्या ड्रायव्हरांना मुद्दाम बोलावून आमचे इंजिन दाखवत. “हे बघा. असं ठेवायचं,” म्हणत. तेव्हा दादा दुसरीकडे बघत, पण कान इकडेच असत. मीही खांद्यावर जरा पसरून बसे. खोटे कशाला बोलू, मला ती स्तुती चढली होती.

मग इंजिनातले तेल कमी होऊ लागले.

इंजिनात तेल किती आहे हे बघायला एक लांब पट्टी असते. ती बाहेर काढायची, माझ्यावर पुसायची, पुन्हा आत घालून काढायची. तेलाची खूण रोज थोडी खाली दिसू लागली. दादा डब्यातून तेल ओतत आणि कामाला निघत. महिनाभर असेच चालले. भांडारातले डबे भराभर संपू लागले तशी आवारात कुजबूज सुरू झाली. मग मालकीणबाईंनी मिस्त्रींना बोलावले. मिस्त्री येणार म्हणून दादांनी त्या सोमवारी सकाळी इंजिन एकदा सोडून दोनदा पुसले. मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड पाडून वरून पाहिले, खाली झोपून पाहिले, ट्रक सुरू करून मागचा धूर पाहिला.

“गळती दिसत नाही. धूरही निळा नाही, म्हणजे तेल जळतही नाही,” ते म्हणाले.

मालकीणबाई हळू आवाजात बोलल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

“मी तुमच्यावर काही म्हणत नाही. पण इंजिन कोरडं, जमीन कोरडी आणि डबे संपतायत. तेल जातं कुठं, हे मला कोणीतरी सांगा. शनिवारपर्यंत उत्तर नाही मिळालं तर ट्रकची किल्ली दुसऱ्या कोणाकडे द्यावी लागेल. बाकीचे सगळे माझ्याकडे बघतायत.”

दादांनी मान हलवली. तेल चोरून विकणारा माणूस म्हणून सतरा वर्षांनी त्यांना त्या फाटकातून बाहेर पडावे लागणार होते. त्यांनी मला घट्ट पिळले. माझ्यात पिळण्यासारखे पाणी नव्हते.

आणि मित्रांनो, मला सारे माहीत होते. तेल कुठे जाते हे त्या आवारात फक्त मलाच माहीत होते. इंजिनातले तापलेले तेल गार करायला पुढे एक ऑइल कूलर असतो. दोन पाइपांपैकी एकातून तेल तिकडे जाते आणि दुसऱ्यातून परत येते. त्यातल्या एका पाइपाचे रबर धातूच्या टोकापाशी चिरले होते. इंजिन गार असताना तिथून टिपूस गळत नसे. भरलेला ट्रक चढाला लागला की तेल तापून पातळ होई, त्याचा जोर वाढे आणि ते चिरेतून बारीक बारीक बाहेर पडे. पंख्याचा वारा ते मागे उडवी. बरेचसे रस्त्यावर जाई आणि उरलेले इंजिनावर बसे. मग दादा येत आणि मला घेऊन सगळे लख्ख करून टाकत. पुरावा रोज माझ्या अंगात मुरत होता, आणि मला तोंड नव्हते. मी ट्रकशेजारच्या खुंटीवर तळमळत होतो.

मंगळवारी संध्याकाळी दादांनी मला धुवायला घरी नेले. वहिनींनी मला बादलीत भिजवले. एक पाणी काळे, दुसरे काळे, तिसरेही काळे.

“अहो, तुम्ही पुसता तरी काय याने?” त्या म्हणाल्या. “आधी आठवड्याला एक पाणी पुरायचं.”

“इंजिन पुसतो. दुसरं काय पुसणार?”

“मग इंजिनावर एवढं येतं कुठून?”

दादा शर्ट काढत होते. एक हात बाहीतच राहिला.

“जुनं झालंय ते. घाम येतो त्याला,” ते म्हणाले, पण त्यांचे त्यांनाच ते पटलेले दिसत नव्हते.

“जुनी तर मीही झाले. दोन दिवस हात लावू नका त्याला. नंतर बघा काय ते.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणायचं ते म्हणतातच आहेत की.”

मला वहिनींच्या हाताची पापी घ्यावीशी वाटली. पण पुढचे दोन दिवस कसे गेले ते विचारू नका. बुधवारी दादा ट्रक घेऊन आले, इंजिन निवले, त्यांनी बॉनेट उघडले आणि सवयीने मला खुंटीवरून ओढले. मग थबकले. मला परत टांगले. पुन्हा काढले. पुन्हा टांगले. त्यांचे हात शिवशिवत होते आणि माझे तर सूत न् सूत वळवळत होते. डोळ्यांसमोर घाण दिसते आहे आणि आपण कोरडे लटकतो आहोत, याहून मोठा छळ टॉवेलाला नसतो. गुरुवारी एक ड्रायव्हर डोकावून म्हणाला, “काय चकाचक, हातपाय गाळले का?” दादांनी बॉनेट घाईने लावले.

शुक्रवारी त्यांनी स्वतःहून मिस्त्रींना आणि मालकीणबाईंना बोलावले. दोन दिवसांची धूळ इंजिनावर तेलाला धरून बसली होती. काळी, ओली, मागे मागे पसरत गेलेली. मिस्त्रींनी त्या ओल्या वाटेवर बोट ठेवले आणि ते पुढे पुढे सरकवत नेले. बोट थेट ऑइल कूलरच्या पाइपाच्या टोकाशी जाऊन थांबले.

“हा बघा चोर,” मिस्त्री म्हणाले. “दादा, तुम्ही रोज याच्या पावलांचे ठसे पुसत होता. आणि मी त्या पुसलेल्या इंजिनावर शिक्का मारून गेलो. माझंही चुकलंच.”

शनिवारी पाइप बदलले. दोन्ही बदलले, कारण दुसराही त्याच वयाचा होता. काम मी जवळून पाहिले, कारण मला तेल पडायला खाली ठेवलेल्या तसराळ्याशेजारीच पसरले होते. मिस्त्रींनी एका पान्याने कूलरचे तोंड धरून ठेवले आणि दुसऱ्या पान्याने नट सोडवला, म्हणजे कूलर पिळला जात नाही. टोकांना नव्या रबरी कड्या घातल्या, त्यांना बोटाने तेल लावले. नटांचे आटे आधी हातानेच बसवले. पाइप कशाला घासणार नाहीत अशा बेताने पट्ट्यांनी बांधले. तेल भरले. जुने तेल आणि धूळ दादांनी मला घेऊन पुसून काढली. दादांनी ट्रक खडीने भरून चढावर नेऊन आणला आणि सगळ्यांनी वाकून पाहिले. नवे सांधे कोरडे होते.

मालकीणबाईंनी पदर सावरल्यासारखा हात उगाच गळ्याशी नेला. “मी बोलायला नको होतं,” त्या म्हणाल्या. “किल्ली तुमचीच. झालं गेलं पुसून टाकू.”

दादांनी किल्ली घेतली. मग म्हणाले, “पुसायचं नाही, बाई. आठ दिवस मी याला हात लावणार नाही. तुम्ही रोज संध्याकाळी येऊन बघायचं.”

“आता त्याची गरज नाही.”

“तुम्हाला नसेल. मला आहे.”

मित्रांनो, मी खुंटीवर कपाळाला हात लावला असता. आणखी आठ दिवस! पण दादा काय मागत होते ते मला कळत होते. पाइप बदलले होते, पण लोकांच्या मनात बसलेला डाग पान्याने निघत नाही. मालकीणबाईंनाही ते कळले असावे. त्या रोज आल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकून बघत. बाकीचे ड्रायव्हरही हळूहळू मागे येऊन उभे राहू लागले. धूळ चढत गेली, करडी आणि सुकी. मला ती बघवत नव्हती.

आठव्या संध्याकाळी मालकीणबाईंनी त्या धुळीवर सगळ्यांसमोर बोट फिरवले आणि बोट वर धरून दाखवले. त्यावर तेल नव्हते, नुसती भुकटी होती. मग त्यांनी स्वतः मला खुंटीवरून काढले, झटकले आणि दोन्ही हातांनी दादांपुढे धरले.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “पुसा आता.”

दादांनी मला घेतले, पण लगेच पुसायला वाकले नाहीत. मला तोंडाशी धरून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. ट्रकवर आल्यापासून मी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच पुसला. इंजिनाचे काम थोडे उशिरा झाले.

हल्ली दादा बॉनेट उघडले की मला खांद्यावर ठेवून आधी नीट बघतात. मी तेवढ्या वेळातही चुळबुळतो, तो माझा स्वभावच आहे. पण तुम्हाला एक विनवणी करतो. स्वच्छता जरूर ठेवा, मित्रांनो, माझे पोटच त्यावर आहे. फक्त फडके फिरवण्याआधी क्षणभर थांबा आणि डाग कुठून आला ते बघा. नाहीतर एखाद्या सरळ माणसाची बाजू त्या डागाबरोबरच पुसली जाईल, आणि ती फक्त एका अर्ध्या टॉवेलाला ठाऊक असेल.