तळघर हरवलेला एडिटर

मित्रांनो, मी एक जुना टेक्स्ट एडिटर, म्हणजे संगणकातला एक प्रोग्रॅम आहे, आणि मी मेलो होतो की नाही हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

लिहिलेला मजकूर दुरुस्त करायचा, हे माझं काम. एका हवामान कार्यालयाच्या तळघरात कपाटाएवढा संगणक होता, त्यात मी राहायचो. वरच्या मजल्यावर माणसं काळ्या पडद्यांसमोर बसत. हिरवी अक्षरं, डावीकडे प्रत्येक ओळीचा क्रमांक. 'एंटर' दाबलं की सगळं पान तारेतून खाली माझ्याकडे यायचं. मी ते परत पाठवीपर्यंत वरचा कीबोर्ड मुका राहायचा, कळ दाबली तरी अक्षर उमटायचं नाही. लोक माझ्या अचूकपणाचं कौतुक करत आणि संथपणाला नावं ठेवत.

पुढे नवे संगणक आले. एका दुपारी तळघरातले पंखे थांबले. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली ती एका लॅपटॉपमध्ये. त्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या मुलीने मला नव्याने लिहिलं होतं. आजारपणानंतर बाईंनी लिहिणं सोडलं होतं. ओळखीचं काही समोर आलं तर त्या पुन्हा लिहितील, एवढीच मुलीची आशा होती. माझी एकही मूळ ओळ तिच्याकडे नव्हती. होती फक्त माझी एक फाटकी माहितीपुस्तिका आणि आईच्या आठवणी. तरी मला तळघर आठवत होतं. ते कसं, हे विचारायला मी घाबरतो.

बाईंनी चार शब्द टाईप केले, एंटर दाबलं आणि हात मागे घेतले.

"तोंडावळा तोच आहे गं. पण हा तो नाही."

"काय राहिलं, आई?"

"हा थांबत नाही. तो थांबायचा, तेवढ्यात मी लिहिलेलं परत वाचायचे. आता कुणी हातातून कागद हिसकावल्यासारखं वाटतं."

"अख्खं जग वेगासाठी धावतंय, आणि तुला गोगलगाय हवी."

"जगाला धावू दे. तू माझं बघ."

मुलीने मला दोन सेकंद थांबायला शिकवलं. बाईंनी पुन्हा एंटर दाबलं. कीबोर्ड मुका झाला. त्या ओठांतल्या ओठांत आपली ओळ वाचू लागल्या. कीबोर्ड सुटताच त्यांनी एक शब्द बदलला आणि पुढची ओळ लिहिली. संध्याकाळपर्यंत ओळींचे क्रमांक चाळीसच्या पुढे गेले.

मित्रांनो, त्या दोन सेकंदांत मी सवयीने खाली तळघराकडे जातो. खाली काहीच नसतं. मी अंधारात दोन अंक मोजतो आणि परत येतो. जुनी वस्तू पुन्हा घडवाल, तेव्हा तिच्यासोबत जगलेल्या माणसाला आधी विचारा, आणि तो सांगेल तो दोषही जपा. मला खाली भीती वाटते, पण वर कुणीतरी आपलंच लिहिलेलं वाचत असतं. म्हणून मी घाई करत नाही.