डुक्कर कुणी पाहिलं

ज्वारी हुरड्यात आली की आमच्या शिवारात रानडुकरांना नुसता ऊत येतो. माझं रान राखायला बजरंग पारधी आणि त्याची बायको रेश्मा बांधावर पाल ठोकून राहतात. त्या दिवशी सकाळी मी म्हशीची धार काढत होतो, तोच बजरंग रेश्माला पाठीवर घेऊन दारात आला. डुकरानं तिची मांडी फाडली होती. मी डोक्याचा पटका सोडून जखमेवर आवळला, तिला टेम्पोत घातलं आणि नगर गाठलं.

दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरनं जखम पाहिली. रक्त थांबत नाही, आत नेऊन शिवावं लागेल म्हणाला. मग नाव विचारलं, जात विचारली. पारधी म्हटल्यावर त्याचा आवाजच बदलला.

"डुकरानं मारलं? ही सुरीची जखम वाटतेय."

"डुकराचा सुळा लागलाय, सायेब. मी तिथंच हुतो," बजरंग म्हणाला.

रेश्मा त्याला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली.

"मराठीत बोला. काय शिकवताय एकमेकांना?" डॉक्टरनं पोलिसांना फोन लावला. "हिला आत घ्या. नवऱ्यानं बाहेर थांबायचं."

रेश्मानं बजरंगचा हात धरला तो सोडेचना. "ह्याला भायेर ठिवला की धरून नेत्यात. मंग मला बी शिवू नका."

चादर लाल होत चालली होती. मला डॉक्टरचा राग आला, तिचाही आला.

"सोड बये, मरशील," मी म्हणालो.

बजरंग हळूच म्हणाला, "मालक, थांबलो तर धरत्यात. पळालो तर ह्यानंच केलं म्हनत्यात. कुठं जाऊ?"



तेवढ्यात हवालदार आला. बजरंगला "चल रे" म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "आपण कोण?"

"रानाचा मालक हाय मी. डुक्कर माझ्या डोळ्यांदेखत तिच्या अंगावर आलं. काठी घिऊन धावलो म्हनून वाचली."

डुक्कर मी पाहिलंच नव्हतं. मी तेव्हा म्हशीखाली बसलो होतो. पण हवालदारानं मान डोलावली आणि तो एकटाच निघून गेला. डॉक्टर म्हणाला, "काका, हे आधी नाही का सांगायचं?" बजरंग आल्यापासून दुसरं काय सांगत होता? रेश्मानं हात सोडला, तेव्हा कुठं तिला आत नेलं.

टाके पडले, बाई वाचली. दुपारी मी घरी जायला उठलो, तर बजरंग आडवा आला.

"मालक, तुमी गेल्यावर दुसरा हवालदार आला तर?"

मी पुन्हा बाकावर बसलो.