महाराजांची थांबलेली नाडी

आमच्या गावातल्या द्वारका चौकाजवळच्या मंडपात त्या श्रावणात पाय ठेवायला जागा नव्हती. स्तंभनानंद महाराज स्वतःचं हृदय थांबवून दाखवत होते, आणि सांगायला संकोच वाटतो, पहिल्या रांगेत मी होते. शेजारी कुसाबाई आणि तिची बारा वर्षांची लेक सुला. दोघींना मीच नेलं होतं.

सांधे सुजवणाऱ्या तापात सुलाच्या हृदयाची एक झडप बिघडली होती. ताप उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. कालचं चुकलं होतं, कारण महाराजांची अट होती : "सुई बंद, तरच कृपा!"

"हृदय म्हणजे काय, मायबाप?" महाराज गरजले. "चार खोल्यांची धर्मशाळा! मी तिचा मालक. वाटलं तर कुलूप, वाटलं तर उघडी! धरा नाडी!"

एका पोस्टमननं मनगट धरलं. "बंद पडली हो!"

जयजयकार झाला. मीही तेच मनगट धरलं. खरंच ठोका नव्हता. डोळे भरून आले. पायांवर डोकं ठेवून उठताना मात्र नाकाला वास लागला. कांद्याचा! चातुर्मासात मी कांदा सोडते; अशा वेळी तो शेजारच्या घरात चिरला तरी मला कळतो.

"महाराज, आपण कांदा खाता?"

"शिव शिव! आम्ही फक्त वायू भक्षण करतो."

हृदय थांबलेला माणूस फारच चटकन बोलला.

एवढ्यात चुकलेल्या सुईपायी सुलाला शोधत दवाखान्यातल्या नर्स यशोदाबाई आल्या. मी हळूच म्हटलं, "ताई, यांच्या छातीला ठोके ऐकायची नळी लावता का?"

"समाधी मोडेल!" महाराज ओरडले.

"मोडू द्या. मी बसवून देईन," म्हणत ताईंनी नळी लावली, ऐकलं आणि सुलाच्या कानांत घातली.

सुलाचे डोळे मोठे झाले. "आई, धडधडतंय! लय जोरात!"

"घाबरलंय ते," ताई म्हणाल्या. "महाराज, हात वर."

"आम्ही हात फक्त आशीर्वादाला उचलतो."

"मग आशीर्वाद द्या की!" पोस्टमनच म्हणाला.

सगळा मंडप हात जोडून थांबला. महाराजांचा नाइलाज झाला. हात वर गेला आणि काखेतून चेपलेला लाल कांदा गडगडत पोस्टमनच्या चपलेशी थांबला.

ताईंनी समजावलं, "हाताला रक्त नेणारी नळी काखेतून जाते. ती कांद्यानं दाबली की मनगटाची नाडी लागत नाही. हृदय चालूच असतं. खोल्या चारच, पण मालक कोणी नाही. उजवीकडच्या दोन खोल्या अंगातलं रक्त घेऊन फुप्फुसांकडे पाठवतात, डावीकडच्या दोन तिथून शुद्ध झालेलं रक्त अंगभर ढकलतात. मधल्या झडपा एकाच बाजूला उघडतात. सुलाची एक नीट मिटत नाही. पुन्हा ताप आला तर ती आणखी बिघडेल."

कुसाबाईचा चेहरा उतरला. "एक दिस चुकला, ताई. आता काय व्हईल?"

"आज घेऊ. चला."

दवाखान्यापर्यंत सुलाचा हात मी धरला होता. सुई टोचताना तिनं "आई गं" केलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मी आजही सोमवार करते, पोथी वाचते. पण हात जोडून सांगते, औषध बंद करा म्हणणारा कितीही मोठा महाराज असो, आधी डॉक्टरांना विचारा. देवाला राग येत नाही. त्यानं माझ्याकडून व्रतं घेतली, कुणाच्या लेकराची सुई कधी मागितली नाही.